खरेदी केंद्रासाठी नॉन-रिलेशनल डेटाबेस निवडताना: सुरुवात काट्यापासून करा

यवतमाळ जिल्ह्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सोयाबीन, तूर, हरभरा आणि थोडा कापूस आम्ही घेतो. एक केंद्र तालुक्याच्या गावी, दोन आत खेड्यांत. नोंदींचं काम माझ्याकडे आलं तेव्हा तीन केंद्रांवर तीन एक्सेल होत्या, आणि रात्री दहाला पेन ड्राइव्ह मोटरसायकलवरून तालुक्याला यायचा. कापसाचे रकाने सोयाबीनच्या शीटमध्ये घुसवलेले, एकाच पावती क्रमांकाचे दोन शेतकरी, आणि पैसे वाटायच्या दिवशी ऑफिससमोर गर्दी.

आता तसं होत नाही. पण इथवर यायला दोन हंगाम गेले, कारण मी भेटेल त्याला एकच विचारत होतो: सगळ्यात चांगला डेटाबेस कोणता? प्रत्येकानं आपल्याला येतो तो सांगितला. विचारायला हवं होतं ते वेगळंच: नेट गेलेलं असताना वजनकाट्यावरची नोंद होईल का, आणि नेट आल्यावर ती बाकीच्या नोंदींशी जुळेल का? या एका प्रश्नानं निम्मे पर्याय आपोआप गळतात.

शेतकरी कंपनी, जिनिंग, दूध संकलन, संत्र्याचं पॅकिंग, दोन-तीन शाखांचं कृषी सेवा केंद्र, यांपैकी कुठे नोंदींची जबाबदारी तुमच्यावर येऊन पडली असेल, तर पुढची वाट तुमच्यासाठी आहे. प्रोग्रामिंग यायलाच पाहिजे असं नाही. पण प्रोग्रामिंग येणाऱ्यासमोर बसून काय मागायचं, ते तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे.

१. सॉफ्टवेअरवाल्याला बोलावण्याआधी हे गोळा करा

- मागच्या वर्षीच्या पावत्या, प्रत्येक पिकाच्या किमान पन्नास. खाडाखोड झालेल्या, कोपऱ्यात काहीतरी लिहिलेल्या पावत्या मुद्दाम निवडा. खरा धंदा त्या कोपऱ्यात असतो.
- आवक रजिस्टर, पैसे दिल्याचं रजिस्टर, सभासद रजिस्टर.
- प्रत्येक केंद्रासाठी एक साधी वही. नेट कधी गेलं, कधी आलं. लाइट कधी गेली, कधी आली. पंधरा दिवस भरा.
- प्रत्येक कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम, हार्ड डिस्क आहे की एसएसडी, आणि इन्व्हर्टर किती वेळ टिकतो.
- कोणत्या नोंदी किती वर्षं ठेवायच्या, हे तुमच्या सीएकडून लेखी.

यातली नेट-लाइटची वही कोणी भरत नाही, आणि तीच सगळ्यात कामाची आहे. आमच्या आतल्या एका केंद्रावर पंधरापैकी नऊ दिवस नेट गेलं होतं, एकदा सलग सहा तास. "आमचं सॉफ्टवेअर पूर्ण क्लाउडवर आहे, तुम्हाला काहीच करावं लागणार नाही" असं सांगणाऱ्यापुढे मी ती वही ठेवली आणि सहा तास पावती कशी फाडायची ते विचारलं. बोलणं तिथेच थांबलं.

२. काट्यावर कोण काय विचारतं, ते लिहून काढा

दिवसभर केंद्रावर बसा आणि प्रश्न टिपा. शेतकरी विचारतो, "माह्ये पैसे कवा येतीन, भाऊ?" हमालांचा मुकादम विचारतो, आज किती पोते उतरले. मॅनेजरला तिन्ही केंद्रांची मिळून आवक आणि सरासरी ओलावा हवा असतो. ऑडिटर विचारतो, या पावतीत दुरुस्ती कोणी केली आणि केव्हा.

प्रत्येक प्रश्नासमोर तीन गोष्टी लिहा: दिवसातून किती वेळा विचारला जातो, उत्तर किती लवकर हवं, आणि उत्तर किती शिळं चालेल. तिसरी गोष्ट विसरू नका. आजची एकूण आवक तासाभरापूर्वीची असली तरी मॅनेजरचं अडत नाही. शेतकऱ्याची बाकी मात्र या क्षणाची लागते, नाहीतर एकाच मालाचे पैसे दोनदा जातात.

हा खटाटोप अशासाठी, की रिलेशनल डेटाबेसमध्ये माहिती नीट टेबलांत मांडली की पुढे नवे प्रश्न विचारायला बरीच मोकळीक असते. बहुतेक नॉन-रिलेशनल पद्धतींत, म्हणजे टेबलांऐवजी वेगळ्या मांडणीच्या डेटाबेसांत, गाडी उलटी चालते. आधी प्रश्न पक्के करायचे, मग त्यांना सोयीची मांडणी. प्रश्नांची यादी नसेल तर मांडणी अंदाजानं होते, आणि हंगामाच्या मध्यावर ती मोडून पुन्हा करायला वेळ नसतो.

३. तुमची नोंद टेबलात मावते का, ते बघा

आमच्या दोन पावत्या शेजारी ठेवतो.

सोयाबीन: सभासद क्रमांक, पोते, भरलेलं वजन, बारदान वजा, ओलावा, मातेरं, डागी दाणे, भाव.

कापूस: सभासद क्रमांक, वाहन, भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलावा, वेचणी की फरदड, भाव, गंजी क्रमांक.

रिलेशनल मांडणीत, म्हणजे १९७० मध्ये एडगर कॉड यांनी मांडलेल्या टेबलांच्या पद्धतीत, या दोघींसाठी वेगळी टेबलं करावी लागतात किंवा अर्धे रिकामे रकाने असलेलं एक मोठं टेबल. डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये प्रत्येक पावती हा स्वतंत्र कागद. एकावर मातेरं आहे, दुसऱ्यावर गंजी क्रमांक, आणि दोन्ही एकाच फाइलीत सुखानं राहतात. पुढच्या वर्षी हळद घ्यायला लागलात तर जुन्या कागदांना हात लावावा लागत नाही.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तुमचं सगळं काम एका छपराखाली, एका कॉम्प्युटरवर होत असेल आणि अडचण फक्त वेगवेगळ्या रकान्यांची असेल, तर पोस्टग्रेस हा रिलेशनल डेटाबेस घ्या आणि हा लेख इथेच ठेवा. २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासून त्यात जेसनबी नावाचा रकाना मिळतो. पक्की माहिती टेबलात आणि पिकागणिक बदलणारी माहिती त्या रकान्यात, असं दोन्ही जमतं. त्या एका कारणासाठी नवीन प्रकारचा डेटाबेस शिकण्यात हंगाम घालवू नका.

आणि डॉक्युमेंट पद्धतीत रकाने सक्तीचे नसतात म्हणून बेशिस्त चालते, असंही समजू नका. एकानं "ओलावा" लिहिलं, दुसऱ्यानं "ओल", तर सरासरी निम्म्याच पावत्यांची निघते आणि चूक कोणाला दिसतही नाही. मोंगोडीबी आणि काउचडीबी या दोन्ही डॉक्युमेंट डेटाबेसांत नोंद आत घेण्याआधी तपासणीचे नियम लावता येतात. पहिल्याच दिवशी लावा. हे नियम आम्ही रक्त आटवून शिकलो:

- गट क्रमांक, बँक खाते, मोबाइल आणि सभासद क्रमांक मजकूर म्हणून साठवा, अंक म्हणून नाही. गट क्रमांक ४५/२ असतो, आणि खात्याच्या सुरुवातीची शून्यं अंक म्हणून साठवली की उडतात.
- आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो आणि पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. तिथे इंग्रजी ओ टाइप झाला की पैसे परत येतात. संगणकालाच तपासू द्या.
- रक्कम रुपयांऐवजी पैशांत आणि वजन ग्रॅममध्ये, पूर्णांक म्हणून साठवा. अपूर्णांकाच्या बेरजेत बारीक फरक साचत जातो आणि शेवटी ताळा जुळत नाही.
- तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. क्रम आपोआप लागतो.

४. संपर्क तुटला की काय करायचं, हे आधीच ठरवा

एरिक ब्रूअर यांनी २००० साली एक विधान मांडलं, आणि २००२ मध्ये गिल्बर्ट आणि लिंच यांनी ते गणितानं सिद्ध केलं. त्याला कॅप प्रमेय म्हणतात. आपल्या कामाच्या भाषेत ते असं: दोन केंद्रांमधला संपर्क तुटला, तर एक तर नोंद घ्यायला नकार द्या म्हणजे सगळीकडे एकच खरं राहील, किंवा नोंद घ्या आणि काही काळ दोन ठिकाणी दोन चित्रं असतील हे मान्य करा. दोन्ही एकदम मिळत नाही. मिळतं म्हणणाऱ्याला पुन्हा विचारा.

आमच्या आतल्या केंद्रावर मी हे प्रत्यक्ष पाहिलं आहे. काट्यावर ट्रॅक्टर उभा, मागे बारा गाड्या, आभाळ भरून आलेलं, आणि काटेवाला सांगतो, "नेट गेलं ना बाप्पा, पावती निघून नाही राहिली." त्या वेळी नकार देणारा डेटाबेस कितीही काटेकोर असला तरी आपल्या कामाचा नाही. माल भिजतो.

पण पैसे द्यायच्या टेबलावर नेमकं उलट. तिथे चित्र धूसर असेल तर नकारच हवा. म्हणून आम्ही ठरवलं, वजन कधीही घ्यायचं, पैसे मात्र संपर्क असतानाच द्यायचे. तुमच्या यादीतल्या प्रत्येक कामासमोर "घ्या" किंवा "थांबा" असं लिहा. पुढची निवड यावर चालते.

५. आता एकेकाकडे बघू

नॉन-रिलेशनल डेटाबेसांसाठी "नोएसक्यूएल" हे नाव २००९ पासून सगळ्यांच्या तोंडी झालं आणि एकमेकांशी फारसं नातं नसलेल्या पद्धती त्याखाली एकत्र आल्या. त्यामुळे "नोएसक्यूएल घेऊ" या वाक्याला अर्थ नाही. कोणता, ते सांगावं लागतं.

मोंगोडीबी. २००९ पासूनचा, डॉक्युमेंट प्रकारचा, शिकायला सोपा आणि माणसं मिळायलाही सोपा. नागपूर-अमरावतीत शिकून आलेल्या बहुतेक पोरांना हाच येतो. प्रश्न विचारायची ताकद या सगळ्या डॉक्युमेंटवाल्यांत याची जास्त. केंद्रनिहाय, पीकनिहाय सरासरी काढणं याला सहज जमतं. एका डॉक्युमेंटची मर्यादा १६ एमबी. अनेक डॉक्युमेंटांत एकदम बदल करणारी ट्रान्झॅक्शन २०१८ च्या ४.० आवृत्तीपासून आहे.

सापळे तीन. पहिला, ५.० पासून पुढच्या आवृत्त्यांना एव्हीएक्स सुविधा असलेला प्रोसेसर लागतो. जुन्या पेंटियम आणि सेलेरॉन कॉम्प्युटरांवर तो नसतो, आणि मग इन्स्टॉल झाल्यासारखं वाटून डेटाबेस सुरूच होत नाही. प्रोसेसरचं पूर्ण नाव लिहून ठेवा म्हटलं ते यासाठी. दुसरा, ट्रान्झॅक्शन चालवायला रेप्लिका सेट, म्हणजे एकाच माहितीच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांचा गट, लागतो. साधा एकटा सर्व्हर ती घेत नाही. तिसरा आपल्यासाठी सगळ्यात मोठा. रेप्लिका सेटमध्ये लिहिण्याचा अधिकार एकाच सर्व्हरला, म्हणजे प्रायमरीला असतो, आणि प्रायमरी निवडायला बहुमत लागतं. तीन केंद्रांवर तीन सर्व्हर ठेवले आणि एका केंद्राचा संपर्क तुटला, तर ते एकटं पडतं आणि त्याला लिहिता येत नाही. हा दोष नाही, ती त्याची रचना आहे: संपर्क तुटल्यावर तो नकाराची बाजू घेतो. जिथे नेट भरवशाचं आहे, उदाहरणार्थ एकाच आवारातलं जिनिंग आणि प्रेसिंग, तिथे मी आजही मोंगोडीबीच सुचवीन.

काउचडीबी. हाही डॉक्युमेंट प्रकारचा, अपाची फाउंडेशनचा. प्रत्येक केंद्राची प्रत पूर्ण आणि स्वतंत्र. प्रत्येकाला लिहिता येतं, आणि संपर्क आला की प्रती एकमेकींशी जुळवून घेतात. आम्ही शेवटी हा घेतला. लिहिताना तो जुनं खोडत नाही, फाइलीच्या शेवटी जोडत जातो, त्यामुळे लाइट अचानक गेली तरी आधीची माहिती शाबूत राहते. किचकट प्रश्न विचारायला तो मोंगोडीबीइतका मोकळा नाही, आणि नवा व्ह्यू, म्हणजे आधी मांडून ठेवलेला प्रश्न, पहिल्यांदा विचारला की तो तयार होईपर्यंत वाट पाहावी लागते. अहवालांसाठी म्हणूनच दुसरी व्यवस्था लागते. ती सातव्या पायरीत.

याचा जोडीदार पाउचडीबी थेट ब्राउझरमध्ये चालतो, टॅबवरसुद्धा. पण तिथली माहिती ब्राउझरच्या साठ्यात असते. कोणी "मोबाइल स्लो झाला" म्हणून ब्राउझरचा डेटा साफ केला, तर न पोचलेल्या पावत्या त्याच्याबरोबर जातात. आमच्या चाळीस पावत्या अशा गेल्या आणि कार्बन कॉपीवरून पुन्हा चढवाव्या लागल्या. तेव्हापासून प्रत्येक केंद्रावर पक्का कॉम्प्युटर आणि त्यावर काउचडीबी. टॅब फक्त त्याच्याशी बोलतो, केंद्रातल्याच वायफायवरून. त्याला बाहेरचं नेट लागत नाही.

जुळवणी लावताना ती "रेप्लिकेटर" डेटाबेसमध्ये नोंदवा. नुसती आज्ञा देऊन सुरू केलेली जुळवणी कॉम्प्युटर बंद झाला की विसरली जाते, आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याला आकडे का येत नाहीत हे शोधण्यात सकाळ जाते.

फायरस्टोर. गुगलचा क्लाउड डेटाबेस. अँड्रॉइड ॲपमध्ये नेट नसताना काम करायची सोय आधीपासून चालूच असते, हे याचं मोठं बळ. सर्व्हर सांभाळायचा नाही. एका डॉक्युमेंटची मर्यादा १ एमबीच्या आसपास. पण ऑफलाइन असताना ट्रान्झॅक्शन चालत नाही, आणि दोघांनी एकाच कागदातली तीच माहिती बदलली तर शेवटी पोचलेला बदल राहतो, आधीचा पुसला जातो. सुरुवातीला निवडलेलं ठिकाण नंतर बदलता येत नाही, म्हणून पहिल्याच पडद्यावर मुंबई निवडायला विसरू नका. शिवार फिरून पीक पाहणीच्या नोंदी करणारी चार-पाच पोरं असतील, तर हा उत्तम. खर्चाचं गणित आठव्या पायरीत.

डायनॅमोडीबी. ॲमेझॉनचा, २०१२ पासूनचा, मुंबईतूनही मिळतो. किल्ली, म्हणजे नोंदीची ओळख, सांगितली की वस्तू, म्हणजे ती नोंद, क्षणात देतो, भार कितीही असो. एका वस्तूची मर्यादा ४०० केबी, त्यामुळे फोटो त्यात टाकायचे नाहीत. सर्व्हर क्लाउडमध्ये, आणि आपलं केंद्र नेटशिवाय, म्हणून आमच्या यादीतून गेला.

रेडिस. की-व्हॅल्यू, म्हणजे किल्ली आणि तिची किंमत अशा जोड्यांचा, सगळी माहिती रॅममध्ये ठेवतो, म्हणून विजेसारखा जलद. गाड्यांचं टोकन द्यायला आणि "आता चौदा नंबर" असं पाटीवर दाखवायला यासारखं दुसरं काही नाही. दोन खिडक्यांनी एकाच क्षणी टोकन मागितलं तरी क्रमांक दोनदा जात नाही. मात्र तो मुख्य वही म्हणून वापरू नका. मूळ मांडणीत तो ठरावीक वेळानं सगळ्या माहितीची नक्कल डिस्कवर घेतो, मधे लाइट गेली तर तेवढी मिनिटं गेली. एओएफ, म्हणजे प्रत्येक बदल फाइलीत जोडत जायची सोय, चालू करून दर सेकंदाला लिहायला लावलं की नुकसान साधारण एका सेकंदावर येतं. तेवढं कराच.

कॅसँड्रा. फेसबुकमध्ये जन्मला, २००८ मध्ये खुला झाला. प्रचंड प्रमाणात सतत येणाऱ्या नोंदींसाठी. किमान तीन सर्व्हर नसतील तर त्याच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही, आणि प्रत्येक प्रश्नासाठी वेगळं टेबल करावं लागतं. हजारो सेन्सर दर मिनिटाला आकडे पाठवत असतील तर विचार करा. हंगामात दिवसाला साडेतीनशे पावत्यांना हा म्हणजे बैलबंडीच्या मालाला रेल्वेची वॅगन.

निओफोरजे. ग्राफ प्रकारचा, नातेसंबंध शोधायला. एकाच सातबाऱ्यावर किती सभासदांनी माल घातला, असे प्रश्न यात सुंदर सुटतात. आमचे ते प्रश्न वर्षातून दोनदा येतात, आणि तेवढ्यासाठी वेगळा डेटाबेस सांभाळणं परवडत नाही.

६. दोन केंद्रांनी एकच कागद बदलला तर

ऑफलाइन लिहायची मुभा घेतली की हा प्रसंग येणारच. आमच्याकडे एका सभासदानं आतल्या केंद्रावर नवीन बँक खातं दिलं. त्याच दुपारी तालुक्याला त्याच्या मुलानं मोबाइल क्रमांक बदलून घेतला. संपर्क तुटलेला होता. रात्री जुळवणी झाली तेव्हा एकाच सभासदाच्या दोन आवृत्त्या समोर आल्या. काउचडीबी अशा वेळी ठरलेल्या नियमानं एक आवृत्ती पुढे करतो आणि दुसरी बाजूला जपून ठेवतो, फेकत नाही. पण बाजूला ठेवलेली आवृत्ती आपण होऊन समोर येत नाही, ती विचारावी लागते. आम्ही विचारत नव्हतो. नवीन खातं बाजूला पडून राहिलं आणि पैसे जुन्या, बंद खात्याकडे जाऊन परत आले. तो शेतकरी तीन वेळा तालुक्याला हेलपाटे घालून गेला, खताची उधारी चुकवायची होती त्याला. ती चूक आमच्या मांडणीची होती आणि तेव्हापासून पुढच्या दोन गोष्टी आम्ही कधीच सोडल्या नाहीत.

एक. रोज संध्याकाळी भांडणात अडकलेल्या कागदांची यादी आपोआप निघते आणि माणूस ती वाचून निकाल देतो.

दोन, आणि ही जास्त महत्त्वाची: कागद बदलायचाच नाही, नवा कागद जोडायचा. जुन्या मुनीमांना हे कोणी शिकवावं लागलं नाही. रोजकीर्दीत खोडायचं नसतं, चूक झाली तर उलट नोंद घालायची, आणि खतावणी रोजकीर्दीवरून तयार करायची. आपला डेटाबेसही तसाच मांडा. "साठा: १२० क्विंटल" असा आकडा ठेवून तो दोन केंद्रांनी वाढवत-घटवत राहू नये. प्रत्येक आवक हा एक कागद, प्रत्येक जावक दुसरा, दुरुस्ती तिसरा. साठा म्हणजे त्यांची बेरीज. खातं बदललं तर "खाते बदल" हा नवा कागद, त्यावर केंद्र, वेळ आणि नोंद करणाऱ्याचं नाव. नवे कागद एकमेकांशी भांडत नाहीत.

यासाठी पावती क्रमांकही तसाच हवा. तिन्ही केंद्रं एकापासून मोजायला लागली तर क्रमांक आदळतात. सुरुवातीला केंद्राचं अक्षर, मग वर्ष, मग त्या केंद्रापुरता क्रम, एवढं पुरतं. एका केंद्रावर दोन काटे असतील तर काट्याचं अक्षरही घाला.

७. पैशाची वही वेगळी ठेवा

वजनाच्या पावत्या काउचडीबीत, पण देणी आणि पैसे वाटप पोस्टग्रेसमध्ये, तालुक्याच्या ऑफिसात. एका बाजूनं वजा आणि दुसऱ्या बाजूनं जमा, हे दोन्ही होईल किंवा एकही होणार नाही, असं काम रिलेशनल डेटाबेस कित्येक वर्षांपासून चोख करत आला आहे. ते त्याच्याकडून काढून घेऊ नका.

तालुक्याच्या प्रतीत आलेली प्रत्येक नवी पावती एक छोटा प्रोग्राम पोस्टग्रेसमध्ये चढवतो. तिथे पावती क्रमांकावर "पुन्हा चालणार नाही" असा नियम आहे. जुळवणी अर्ध्यात तुटून तीच पावती दोनदा आली तरी दुसऱ्यांदा ती दारातूनच परत जाते. सगळे अहवाल आम्ही इथूनच काढतो.

शेतकरी उत्पादक कंपनी ही कंपनी कायद्याखाली नोंदलेली असते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची, तारखेसह, नोंद राहिली पाहिजे, आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. हिशेबाची पुस्तकं ८ वर्षं जपायची असतात. ती इलेक्ट्रॉनिक असतील तर त्यांचा बॅकअप रोज, भारतात असलेल्या सर्व्हरवर हवा.

इथे एक सापळा आहे. काउचडीबी प्रत्येक बदलाला नवा आवृत्ती क्रमांक देतो, त्यामुळे "इतिहास आपोआप राहतो" असं सांगणारे भेटतील. राहत नाही. ते क्रमांक जुळवणीसाठी आहेत. फाइल आटोपशीर करताना जुन्या आवृत्त्यांचा मजकूर जातो. इतिहास हवा असेल तर सहाव्या पायरीतली रोजकीर्द हाच मार्ग.

८. बिल आणि परवाना

फायरस्टोर वाचलेल्या प्रत्येक डॉक्युमेंटची मोजणी करतो. रोज ५०,००० वाचनं मोफत मिळतात. खूप वाटतात, पण मॅनेजरच्या पडद्यावर साठलेल्या २,००० पावत्या दर वेळी नव्यानं वाचून बेरीज होत असेल, तर पंचवीस वेळा पडदा उघडला की मोफत कोटा संपला. उपाय सोपा आहे: रोजची बेरीज एका वेगळ्या कागदात ठेवा आणि पडद्याला तोच एक वाचू द्या. कोणतीही क्लाउड सेवा घेताना असं आपल्या पावत्यांचं गणित कागदावर मांडून बघा, आणि खर्चाची सूचना देणारी मर्यादा पहिल्या दिवशी लावा.

परवान्यांबद्दल थोडक्यात. काउचडीबी आणि कॅसँड्रा खुल्या अपाची परवान्याखाली आहेत. मोंगोडीबीनं २०१८ मध्ये परवाना बदलला. रेडिसनं २०२४ मध्ये बदलला, तेव्हा त्यातून व्हॅल्की नावाची खुली शाखा निघाली, आणि २०२५ मध्ये रेडिसनं पुन्हा एक खुला परवाना जोडला. आपल्या ऑफिसच्या कामापुरतं वापरणाऱ्याला यानं फारसा फरक पडत नाही. दुसऱ्यांना डेटाबेसचीच सेवा विकणार असाल तर मात्र वकिलाला दाखवा.

९. दाराला कुलूप

जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसले गेले आणि खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या गेल्या. त्यांना पासवर्डच नव्हता. पुढच्या आवृत्त्या मूळ मांडणीत फक्त स्वतःच्याच कॉम्प्युटरला उत्तर देतात, पण "बाहेरून जोडता येत नाही" म्हणून कोणी ती मर्यादा काढतो आणि पासवर्ड लावायचं राहून जातं. डेटाबेसचं पोर्ट, म्हणजे बाहेरून जोडायचं दार, थेट इंटरनेटवर उघडू नका. केंद्रं व्हीपीएननं, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी बंद वाटेनं, जोडा. प्रत्येक माणसाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड द्या. काट्यावर चिकटवलेला एकच पासवर्ड असेल तर दुरुस्ती कोणी केली याचं उत्तर ऑडिटरला देता येणार नाही.

आणि आधारच्या झेरॉक्सचे फोटो सभासदाच्या कागदात भरू नका. लागत नसलेली माहिती घेऊच नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण त्याआधी, लोकांनी ती माहिती आपल्यावर विश्वासानं ठेवलेली असते.

१०. पहिली परीक्षा हरभऱ्यावर घ्या, सोयाबीनवर नाही

सोयाबीन सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एकदम अंगावर येतं, त्यात परतीचा पाऊस. नवीन काही सुरू करायची ती वेळ नव्हे. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभऱ्याची आवक संथ असते, आभाळ मोकळं असतं. तेव्हा एका केंद्रावर सुरू करा, कागदी पावतीपुस्तक सोबत चालू ठेवून. आठ दिवसांनी या परीक्षा घ्या:

- भर कामात नेटची वायर काढा. दोन तास पावत्या करा. वायर लावा आणि तालुक्याला मोजा, सगळ्या पोचल्या का.
- नोंद चालू असताना कॉम्प्युटरची पिन काढा. पुन्हा सुरू केल्यावर शेवटची पावती आहे का, जुळवणी आपोआप सुरू झाली का, ते बघा.
- एकाच सभासदाची माहिती दोन ठिकाणी मुद्दाम वेगळी बदला. संध्याकाळच्या यादीत ती येते का?
- ज्यानं सॉफ्टवेअर बनवलं त्याला बाजूला बसवा आणि काटेवाल्याला एकट्याला दिवसभर चालवू द्या. तो जिथे अडेल तिथे ते सॉफ्टवेअर अपुरं आहे.

शेवटची परीक्षा बॅकअपची. तीन केंद्रांवर तीन प्रती आहेत म्हणजे बॅकअप आहे, असं समजू नका. एका ठिकाणी चुकून पुसलेलं जुळवणीनं तिन्ही ठिकाणी पुसलं जातं. रोज रात्री वेगळ्या डिस्कवर नक्कल घ्या, ती डिस्क ऑफिसच्या बाहेर ठेवा, आणि महिन्यातून एकदा त्या नकलेवरून दुसऱ्या रिकाम्या कॉम्प्युटरवर सगळं उभं करून बघा. उभं राहिलं की तीन आकडे काढा: एकूण पावत्या, एकूण क्विंटल, एकूण देणं. ते कागदी रजिस्टरच्या बेरजेशी ताडून बघा. पहिल्या वेळी आमच्याकडे अकरा पावत्यांचा फरक आला. त्या एका टॅबवरच अडकल्या होत्या.

तिन्ही आकडे सलग दोन महिने जुळले की दुसरं केंद्र जोडा, मग तिसरं. कार्बनचं पावतीपुस्तक मात्र पहिला सोयाबीन हंगाम पूर्ण होईपर्यंत प्रत्येक काट्यावर राहू द्या.